अकरावं आवतण

भिवंडीच्या निजामपुऱ्यात यहयाच्या दुकानात चार्जर घ्यायला गेलेला माणूस चार्जर घेऊन बाहेर येतो हे खरं, पण येताना त्याला कर्नलही कळलेला असतो, आणि तो त्याने मागितलेला नसतो. कर्नल म्हणजे लष्करातला साहेब नव्हे. संगणकाच्या पोटात बसून सगळ्यांना कामं वाटून देणारा, स्वतः कुणालाच न दिसणारा जो मुख्य कारभारी असतो, तो. यहयाच्या बोलण्यात हा कर्नल इतक्या वेळा येतो की लग्नानंतर वर्षभर माजिदाभाभींना तो सासरकडचा कुणी चुलता वाटत होता, असं यहया सांगतो. माजिदाभाभी म्हणतात, चुलता असता तर एकदा तरी जेवायला आला असता.

यहया बावन्न वर्षांचा. पोट पुढे, चष्मा कपाळावर, आणि खिशात पेनांऐवजी पाच लहान स्क्रू ड्रायव्हर. वडिलांचे, हाशिमशेठचे, चोवीस लूम होते. त्यांनी पोराला तीन वर्षं लूमवर घालून पाहिलं. पोरगा कापड कमी विणायचा आणि लूम उघडून जास्त बघायचा. शेवटी हाशिमशेठनी त्याला मुंबईला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला पाठवलं, ते त्याच्या भल्यासाठी की लूमच्या, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. पण त्यांचा एक धडा यहयाने आयुष्यभर जपला: धोट्यातली सुताची कांडी संपायची वाट बघू नकोस, सूत शिल्लक असतानाच पुढची कांडी हाताशी पाहिजे. यहयाचं म्हणणं असं की कर्नल लिहिणाऱ्यांनी आपल्या वडिलांचंच ऐकलेलं असणार.

मी हे त्याच्याकडून किती वेळा ऐकलंय याची गणती नाही, कारण माझा प्रिंटर त्याच्याकडे दुरुस्तीला होता. अजूनही आहे.

"तू ऐक," तो म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला दुसरा इलाज नसतो, कारण त्याची वस्तू उघडून टेबलावर पसरलेली असते. "तुझा प्रोग्राम म्हणतो, मला अमकी फाईल दे. त्या बिचाऱ्याला डिस्क कुठं आहे ते पण माहीत नाय. तो सांगतो कर्नलला. कर्नल पहिले आपल्या काउंटरखाली बघतो, म्हणजे मेमरीत. तिथं माल आहे? दिला उचलून. डिस्कला विचारत पण नाय. माल नाय? मग चिठ्ठी लिहितो, रांगेत लावतो. आता एक चिठ्ठी वडप्याच्या गोडाऊनची, एक मानकोलीची, परत एक वडप्याची. तो काय येडा आहे दोनदा वडप्याला टेंपो पाठवायला? वडप्याच्या दोन्ही चिठ्ठ्या एकत्र बांधतो. आणि तिकडून तू एक दाणा मागितला तरी येणार अख्खं पोतं. डिस्क सुटा माल देत नाय. दाणा तुला दिला, पोतं कुठं गेलं? परत पाठवलं? नाय. काउंटरखाली ठेवलं. उद्या परत कोणी मागेल. आणि तू ओळीनं मागत चाललास ना, की हा समजतो. पुढचं पोतं न मागता आणून ठेवतो. कांडी संपायच्या आधी कांडी."

"पण चार्जर?" असं ऐकणारा विचारतो.

"चार्जर दोन मिनिटात. आता समज, काउंटरखालची जागा भरली."

असा हा यहया. पण बंद पडलेल्या डिस्कवरचं काढून द्यायच्या कामात भिवंडीत त्याच्या तोडीचा माणूस नाही. लग्नांचे फोटो, डिझाईनच्या फाइली, कुणाच्या वकिलाचे कागद, सगळं त्याच्याकडे येतं. डिस्क आली की तो ती आधी कानाला लावतो, चालू करतो, डोळे मिटतो. आत काय दुखतंय ते त्याला आवाजावरून कळतं. आणि त्याचा एक नियम आहे, मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलेला: आधी नक्कल, मग नजर. म्हणजे दुखऱ्या डिस्कची पहिल्यांदा पूर्ण नक्कल काढायची, आणि मगच आत काय आहे ते उघडून बघायचं. हा नियम त्याने बावीस वर्षांत एकदाच मोडला. मी त्या वेळी तिथे होतो.

मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. गल्लीत दोन्ही बाजूंना लूम खडखडत होते, म्हणजे आमच्या भाषेत शांतता होती. वडप्याहून रघू आणि त्याची बायको गुणाबाई आली. रघू मी पाहिलेला होता. हायवेच्या कडेला त्याचं शेत होतं, त्यावर आता गोडाऊन उभं आहे, आणि त्या गोडाऊनच्या फाटकावर रघू वॉचमन आहे. स्वतःच्याच शेताची राखण करतो, फक्त आता शिट्टी मिळालीय, असं तोच सांगतो. गुणाबाईच्या हातात नव्या खणात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते टेबलावर ठेवलं नाही. आधी टेबल पदराने पुसलं, मग ठेवलं. खणात एक लहान हार्ड डिस्क होती.

"भाई, यात आमची आये हाय," गुणाबाई म्हणाली.

"म्हणजे सासू हिची. माजी आय," रघू म्हणाला. "तिचा आवाज हाय. आमच्या कुमारनं दिवालीला भरून घेतलेला. मंग ती मार्गशीर्षात गेली. मंग ही डबी कपाटावरून परली. आता कुमारच्या लॅपटॉपला लावली का नुसती टकटक करते."

"बाकी कुठं नक्कल? मोबाईलमधी?"

"न्हाय. कुमार म्हनला, डिस्कवर पक्कं रहातं."

यहयाने वर छताकडे पाहिलं. जगातली सगळी दुःखं या एका वाक्यातून निघतात असं त्याचं मत आहे.

कमळाबाय, म्हणजे रघूची आई, धवलारीण होती. आगरी घरातलं लग्न धवलारणीशिवाय उभं राहत नाही. हळदीपासून शेवटपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, तिला पाठ असतं आणि ते ती गात जाते. मांडव घालताना ती देवांना आवतण देते, आणि देवांच्या मागून घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. कमळाबाय प्रत्येक नावाला सुपात तांदळाचा एक पुंजका ठेवायची. गुणाबाई तीस वर्षं तिच्या शेजारी बसली.

"मग तुम्हाला पण येत असेल ना, बाय?" यहयाने विचारलं.

"मना मागचं येतं, भाई. पुढचं न्हाय." ती म्हणाली. "आये आधी म्हनायची, मी मागून झेलायची. तिनं टाकलं का माज्या तोंडात आपसूक येतं. तिनं न्हाय टाकलं तर मना काय सुचत न्हाय. बसले कालपासून. देवांची समदी येतात. मानसांची आठच येतात. सुपात पुंजके अकरा असायचे, ते मना पक्कं ठावं हाय. तीन मानसं कोन, ती मना येत न्हायत. शुक्रवारी मांडव हाय आमच्या सुकन्याचा."

"तू काय केलंस एवढी वर्षं?" यहयाने रघूला विचारलं. "तुझेच बापजादे ना?"

"बापे मांडवात थांबतात काय? आमी भायेर बेंजोवाल्याकरे."

"एकाला आवतन राहिलं ना भाई," गुणाबाई हळू म्हणाली, "का तो येतोच. पन बोलावल्यासारखा न्हाय येत."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, पाव्हण्यांबद्दल बोलावं तसं. दुकानात उकाडा होता. तरी मी पंख्याखालून जरा बाजूला सरकलो.

यहयाने डिस्क कानाला लावली, डोळे मिटले. मग तिचं वरचं प्लास्टिकचं घर काढलं, आतली डिस्क उलटी करून टेबलावर ठेवली, हिरवं सर्किट वर. वायर जोडली. तीन वेळा टकटक झाली, मग डिस्क फिरायला लागली. "जिवंत आहे. पण दम लागलाय तिला," तो म्हणाला. "आता नक्कल काढायला लावतो. तीनेक तास लागतील. तुम्ही जेवून या."

"आधी आयकू द्या," गुणाबाई म्हणाली.

"बाय, तसं नाय करत. आधी नक्कल."

"थोडंच. आये हाय का न्हाय तेवढं कलू द्या. मंग मी संद्याकालपर्यंत बसते."

तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. नुसती उभी राहिली. यहयाने भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं आणि त्याच्याकडे पाठ केली. मग कीबोर्डवर काहीतरी खडाखड टाकलं. डिस्कवर काहीच लिहिलं जाणार नाही असं केलं, आणि कर्नलला सांगितलं की नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माल पुढचा पुढचा आणून ठेव. "दमलेल्या घोड्याला सारखं थांबवायचं नाय," तो मला म्हणाला. "एका दमात जेवढं धावेल तेवढं धावू द्यायचं." मग त्याने फाईल चालू केली.

आधी कोंबड्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला. मग खाकरून गळा साफ करणारी म्हातारी. "गुने, आयकतंस ना गो?"

"आयकते, आये," गुणाबाई म्हणाली. टेबलासमोर उभ्या उभ्या, संगणकाला.

रघूने माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

म्हातारीने गावदेवीपासून सुरुवात केली. आवाज चिरका, पण आत कुठेतरी घट्ट, दोरी ओढल्यासारखा. ती ओळ टाकायची, आणि गुणाबाई ती झेलून पुन्हा म्हणायची. मध्ये पळभर अंतर पडत नव्हतं. दोन आवाज एकात एक गुंतत होते, आणि त्यातला एक आवाज टेबलावरच्या बोटभर जाडीच्या डबीतून येत होता. बाहेर लूम चालूच होते. मला उगाच वाटलं की ते ठेका धरून चालताहेत.

चार-पाच मिनिटं झाली असतील. गुणाबाई एकदम थांबली आणि तोंडावर हात ठेवला. "अगो आये गो," ती म्हणाली. "हल्दकुंकू न्हाय लावलं."

धवला सुरू होण्याआधी धवलारणीला हळदकुंकू लावतात, तिची ओटी भरतात. ते केल्याशिवाय तिने तोंड उघडायचं नसतं आणि कुणी उघडू द्यायचं नसतं. इथे तर म्हातारी पाच मिनिटं गात होती, कपाळ कोरडं. गुणाबाईने घाईघाईने पिशवीतून कुंकवाची डबी काढली. यहया तेव्हा माझ्याकडे वळून, पुढचं पोतं कसं आधीच येतं ते पुन्हा समजावत होता. गुणाबाईने पाण्याच्या बाटलीत बोटं बुडवली, हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि डिस्कच्या उघड्या हिरव्या पाठीवर मधोमध लावलं, चांगलं ओलं, ठसठशीत.

ठिणगी अगदी लहान होती. आवाज झाला चट्कन, केस जळल्याचा वास आला, आणि डिस्कची फिरण्याची घरघर खाली खाली जात थांबली.

यहया बोलायचा थांबला हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याने वायर उपटून काढली, डिस्क उचलली, कानाला लावली. मग हळूच खाली ठेवली, आणि तिच्यावर हात ठेवला.

आणि कमळाबाय गात होती.

वायर टेबलावर सुटी पडली होती. डिस्क बाजूला पडली होती, कुंकू लावलेली, मेलेली. आणि स्पीकरमधून म्हातारी वेशीवरच्या देवाला बोलावत होती, मघाइतक्याच जोरात, कदाचित जरा जास्तच. हळदकुंकू लागल्यावर गळा मोकळा व्हावा तसं.

रघू भिंतीला टेकला. "भाई," तो म्हणाला, "ही कुठून बोलते?"

यहया पुटपुटला, "काउंटरखालून." मग त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं, आणि तो खडबडून जागा झाला. "कर्नलनं आणून ठेवलंय. पुढचं सगळं. डिस्क गेली, पण जे आधी वाचून झालं ते मेमरीत आहे. त्याला डिस्क मेलेली कळलेली नाय अजून. कळायची गरज नाय ना, तो विचारतच नाय. कोणी हात लावू नका. कोणी काय उघडू नका. दुसऱ्या कशाला जागा लागली तर हा जुना माल बाहेर फेकेल. आणि लाईट गेली तर…"

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. भिवंडीत ते वाक्य सगळ्यांना पुरं करता येतं. त्याचं बॅटरीचं खोकं रमजानपासून बंद होतं. मालक स्वतः दुरुस्ती करणारा असला की असं होतं.

गुणाबाई मात्र पुन्हा झेलायला लागली होती. तिच्या दृष्टीने वेगळं काहीच घडलेलं नव्हतं. आये गात होती.

यहया एका हाताने घाम पुसत, एका बोटाने, काच फुटू नये अशा बेताने कीबोर्ड दाबत होता. मेमरीत आहे तेवढं पेनड्राईव्हवर उतरवायचं, जिथे काही सापडणार नाही तिथे रिकामी जागा सोडून पुढे जायचं, असा हुकूम त्याने दिला. पडद्यावर आकडे सरकायला लागले.

तोवर म्हातारी माणसांवर आली होती. तिने धर्मा, पोशा आणि गोमीबायला हाक मारली. प्रत्येक नावाला ती विचारायची, तू पाण्यातून येतोस का रानातून येतोस, वाटेत कुणी अडवलं का, आणि त्याला मांडवाच्या कुठल्या खांबाशी बसायचं ते सांगायची. गुणाबाईने तांदूळ काढले होते. यहयाच्या टेबलावर, मदरबोर्ड आणि स्क्रू यांच्या मधोमध, ती एकेक पुंजका ठेवत होती. मी पुंजके मोजत नव्हतो, मी दाराकडे बघत होतो. दार उघडंच होतं, बाहेर लख्ख ऊन होतं. तरी माणसं आत येत आहेत आणि दुकान लहान पडतंय असं मला वाटत होतं. मी स्टूल सोडून उभा राहिलो. कुणाला बसायचं असेल म्हणून, असं नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात संगणक वाजला. माजिदाभाभींचा व्हिडिओ कॉल. यहया घरचा कॉल संगणकावर घेतो, मोठ्या पडद्यावर बायको रागावलेली स्पष्ट दिसते म्हणून. पडद्यावर भाभींचा चेहरा उमटला, मागे कुकर. "जेवायला येताय की कर्नलला पाठवताय?"

यहयाने असा काही हात हलवला की भाभी घाबरल्या. कॉल बंद झाला. पण सात-आठ सेकंद तो चालू होता, आणि तेवढ्यात त्याने किती जागा खाल्ली, कुणाचा माल बाहेर गेला, ते कर्नललाच माहीत.

आणि याच गडबडीत म्हातारीने शेवटचं नाव घेतलं. "कमलाबाय, तू पन ये गो. लांब न्हाय, हितल्या हितंच हायस."

गुणाबाईचा हात तांदळात तसाच राहिला. दिवाळीत, जिवंतपणी, कोंबडा ओरडत असताना, म्हातारीने स्वतःला आवतण देऊन ठेवलं होतं. रघू दारातून बाहेर गेला आणि पायरीवर बसला. आम्ही तिघं त्या एका ओळीवरच अडकलो होतो. त्याच्या आधीच्या ओळीला काय झालं, कुणीच पाहिलं नाही.

पडद्यावरचे आकडे संपले. यहयाने पेनड्राईव्ह काढून मुठीत धरला, आणि दोन मिनिटांनी लाईट गेली.

बाहेरच्यांना हे सांगून कळायचं नाही. लाईट गेली की गल्लीतले, त्याच्या मागच्या गल्लीतले, पार नाक्यापर्यंतचे लूम एकाच क्षणी थांबतात. दिवसरात्र कानाला लागलेला खडखडाट नाहीसा होतो, आणि आपण बहिरे झालो असं वाटतं. त्या बहिरेपणात पंखा फिरत फिरत थांबला. रघू पायरीवरून उठून आत आला. बाहेर जास्तच शांत होतं म्हणून, असं म्हणाला.

यहयाने लॅपटॉप काढला, पेनड्राईव्ह लावला. "बघू या काय वाचलं," तो म्हणाला. आवाज पडद्यावर रेघेसारखा दिसतो, म्हातारी गाते तिथे रेघ फुगते, थांबते तिथे बारीक थरथरते. माणसांची नावं सुरू होतात तिथून त्याने चालू केलं. गुणाबाईने पुंजके पुसून टाकले आणि पहिल्यापासून ठेवायला घेतलं.

आता काहीच आवाज नव्हता, म्हणून सगळं ऐकू येत होतं. म्हातारीचा श्वास, बांगडी. रघू या वेळी बोटांवर मोजत होता. धर्मा, पोशा, गोमीबाय, हशा, नामा, आणि गुणाबाईला येणारी बाकीची तीन. गुणाबाईला आठवत नव्हती त्यांतली दोन आली: काथोड, आणि जनी. दहा झाली.

आणि मग काहीच नाही.

म्हातारी थांबली नव्हती. थांबली असती तर श्वास असता, मागे कोंबडा असता. हे तसं नव्हतं. सगळंच एकदम गेलं, विहिरीत डोकं घातल्यासारखं. पडद्यावर रेघ सपाट होती, पट्टीने ओढल्यासारखी. यहयाने चष्मा डोळ्यांवर घेतला. त्याच्या तोंडाचा रंग मी बघितला आणि मला कळलं. हीच ती रिकामी जागा, मेमरीतून बाहेर गेलेली. नऊ-दहा सेकंद, एका ओळीचे. अकरावं नाव होतं, आमच्यापर्यंत आलं होतं, आणि यहयाच्या हातून गेलं.

रेघ सपाटच चालली होती, तेवढ्यात गुणाबाई गायला लागली.

"हिरामना, तू पन ये रे, अनवानी ये, उघरा ये, कुनी वाटंत अरवू नये."

तिने झेलावं तशीच झेलली ती ओळ, आधीची ओळ संपल्यावर जितकं थांबतात तितकंच थांबून. अकरावा पुंजका ठेवला. मग रेघ पुन्हा फुगली आणि कमळाबायने स्वतःचं नाव घेतलं.

यहयाने बंद केलं. "बाय," तो अगदी हळू म्हणाला, "हे नाव कुठून आणलं?"

"आये म्हनाली ना."

"नाय म्हणाली, बाय. इथं काहीच नाय. हे बघा, रेघ बघा. ती जागा माझ्या हातून गेली."

गुणाबाईने रेघेकडे पाहिलं नाही. "तुमाला न्हाय आयकू आलं?" तिने विचारलं. ती चकित झालेली होती, आणि थोडी आमचीच काळजी करत होती.

यहयाने तोंड उघडलं. मला वाटलं आता काउंटर, पोतं, चिठ्ठी सगळं येणार. तीस वर्षं झेललेलं आत कुठंतरी असतंच, मघाशी ऐकलेलंही असेल, हाक आली की तोंडात येतं, असं काहीतरी. त्याने ते सांगितलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मघाशी पहिल्या वेळी ती ओळ वाजली होती का, हे त्याला माझ्याकडून हवं होतं. मला शपथेवर सांगता आलं नसतं, आजही येणार नाही.

"हिरामन आमच्यात कोन न्हाय," रघू म्हणाला. मग तो टेबलावरच्या अकराव्या पुंजक्याकडे बघू लागला. लूम अजून बंदच होते. "आय आजारी व्हती तवा मना हिरामन म्हनायची," तो म्हणाला. "हिरामना, पानी दे. मी म्हनायचो, आये, मी रघू. तर म्हनायची, तुला न्हाय सांगत. तुज्या मागं उभा हाय, त्याला सांगते. मोठा हाय ना तो. मना वाटलं, ताप डोक्यात गेला."

गुणाबाई त्याच्याकडे बघत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याच्या आधी एक भाऊ होऊन गेला होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त दर लग्नात ती त्याला बोलवत आली होती.

मग तिने पदर सारखा केला आणि तांदूळ पुन्हा पुसून टाकले.

"भाई, परत लावा. तिथूनच, मानसांपासून. आता मी आधी म्हनते. आये झेलंल मागून."

"बाय, ती रेकॉर्डिंग आहे. ती तशी मागून नाय म्हणणार."

"तुमी लावा तं."

यहयाने आवाज कमी केला आणि लावलं. गुणाबाईने पहिलं नाव टाकलं, धर्माचं, म्हातारीच्या आधी अर्धा श्वास. आवाज कापरा होता, पण पुढे होता. म्हातारीचा आवाज तिच्या मागून आला. पोशा. गोमीबाय. तिसऱ्या-चौथ्या नावापर्यंत कोण पुढे आणि कोण मागे ते कळेनासं झालं. मग कळायला लागलं. गुणाबाई पुढे होती.

दहावं झालं. रेघ सपाट झाली. गुणाबाईने हिरामणला हाक मारली, पुंजका ठेवला, आणि एका ओळीइतकी थांबली, मागून झेलणाऱ्याला वेळ द्यावा तशी.

यहयाने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं, म्हणजे पडदा दिसू नये. रघू दाराच्या मधून बाजूला झाला आणि वाट मोकळी केली. आम्ही तिघंही कान देऊन उभे राहिलो.